खिशातलं छोटं रिव्हॉल्वर : रोज बाळगणारं कोणी आहे का इथे?

वाटसरू

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचत होतो, आज पहिलाच धागा काढतोय तेव्हा सांभाळून घ्या.

परवाना आहे, रिव्हॉल्वर आहे. स्मिथ अँड वेसनचं ६४२, .३८ स्पेशल, पाच गोळ्यांचं, नळी जेमतेम दोन इंच, घोडा (काडतुसावर आपटणारा मागचा हॅमर) आत झाकलेला. रिकामं असताना सव्वाचारशे ग्रामच्या आतबाहेर. गेलं वर्षभर रोज पँटच्या पुढच्या उजव्या खिशात. आधी मोठं पिस्तूल होतं, पण ते कमरेला लावायचं म्हणजे शर्ट ढगळ हवा, गाडीत बसलं की बरगडीत रुततं, मग आज नको उद्या लावू असं करत करत ते कपाटातच राहायचं. हे छोटं मात्र किल्ल्यांसारखं सवयीनं खिशात जातं आणि दिवसभर आठवणही येत नाही.

आता खरी गोष्ट. वर्षभरात मी याच्यातून किती गोळ्या झाडल्या असतील? एक डबा. म्हणजे ५०. लाज वाटते सांगायला पण आहे ते आहे. परवा रेंजवर गेलो, सात मीटरवर प्रिंटरच्या कागदाएवढं टार्गेट लावलं, आरामात पाच गोळ्या झाडल्या आणि जवळ जाऊन बघतो तर भोकं तीन. त्यातलंही एक पार खाली डाव्या कोपऱ्यात. मला वाटलं दोन गोळ्या एकाच भोकातून गेल्या असतील (हसू नका). पुन्हा पाच, पुन्हा तोच प्रकार. तिसऱ्यांदा भरायला सिलिंडर उघडला तर एक रिकामी पुंगळी, पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या त्या चांदणीसारख्या एक्स्ट्रॅक्टरच्या खाली घुसून बसली, पुढे जाईना मागे येईना. नखानं करून बघितलं, शेवटी गाडीच्या किल्लीनं उचकटली, दोनेक मिनिटं तरी गेली असतील त्यात आणि हात काळेकुट्ट. शेजारच्या लेनमधला माणूस बघत होता, काही बोलला नाही हे त्याचे उपकार.

घरी येताना डोक्यात एकच, वर्षभर मी खिशात नक्की काय घेऊन फिरत होतो? चूक माझी की या खेळण्याची?

जुनंखोड

वाटसरू, चूक तुझीच, पण तू एकटा नाहीस. उजव्या हाताच्या माणसाची गोळी खाली डावीकडे जाते तेव्हा तो ट्रिगर ओढत नसतो, अख्खी मूठ आवळत असतो.

एक साधा हिशोब कर. तुझं रिव्हॉल्वर सव्वाचारशे ग्राम. त्याचा चाप मागे यायला साधारण पाच ते साडेपाच किलोचा जोर लागतो. म्हणजे वस्तूच्या वजनाच्या बारा-तेरा पट जोर तू एका बोटानं लावतोयस आणि ती वस्तू हलू नये अशी अपेक्षा धरतोयस. मोठं लोखंडी रिव्हॉल्वर स्वतःच्या वजनानं थोडं तरी जागेवर राहतं, हे नाही राहत.

वर माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) आणि मागची खाच यातलं अंतर बघ. तुझ्याकडे ते दहा सेंटिमीटरच्या आसपास. माशी एक मिलिमीटर इकडेतिकडे झाली की सात मीटरवर गोळी सात सेंटिमीटर सरकली. हेच अंतर पंधरा सेंटिमीटर असतं तर पावणेपाचच्या आत राहिली असती. बंदूक वाकडी मारत नाहीये रे, वेड्यासारखी खरी मारतेय, तुझ्या हातात जे चाललंय ते जसंच्या तसं कागदावर छापतेय.

मी नोकरीत असताना बरीच वर्षं असलंच एक बाळगलं, मॉडेल ३६. आमचे एक वरिष्ठ म्हणायचे की हे शिकाऊ माणसाचं हत्यार नाही, आणि आम्हाला वाटायचं म्हातारा उगाच भाव खातोय.

मृण्मयी_

काकांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. मी पहिल्यांदा घ्यायला गेले तेव्हा काउंटरमागच्या गृहस्थांनी मी तोंड उघडायच्या आत अ‍ॅल्युमिनियमचं चिमुकलं रिव्हॉल्वर पुढे ठेवलं, "मॅडम तुमच्या हाताला हेच बरं, हलकं आहे, सोपं आहे, काही शिकायची गरज नाही." मीही घेतलं, आणि ते वाक्य आजही आठवलं की संताप होतो. हलकं आहे म्हणजे उचलायला हलकं!! झाडताना तेच हलकेपण तळहातावर येऊन आदळतं. पहिल्या दिवशी २० गोळ्या झाडल्या, त्याही जोरदार प्लस-पी वाल्या, कारण त्याच बऱ्या असं सांगितलेलं. अंगठ्याच्या मुळाशी निळं पडलं, दोन दिवस बरणीचं झाकण उघडता येईना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सातव्या-आठव्या गोळीपासून मी डोळे मिटायला लागले होते, ती सवय मोडायला मला वर्ष लागलं.

माझ्या प्रशिक्षकांनी ते काढून घेतलं, हातात चार इंची नळीचं जाडजूड .३८ दिलं, आणि तेव्हा कळलं की मला नेम धरता येतो.

आता परत छोटंच वापरते, पण स्टीलचं, मॉडेल ६०, सहाशे ग्रामच्या घरात. दीड-दोनशे ग्रामनी फरक तो काय पडणार असं वाटतं ना, झाडून बघा. मूठही बदलली, मूळची लाकडी इतकी बारीक होती की करंगळी हवेत लोंबकळायची, आता रबराची आहे. आणि सरावाला फक्त वॉडकटर. १४८ ग्रेन वजनाची, सपाट डोक्याची, गोळी पुंगळीच्या काठाशी सपाट बसवलेली असते ती. धक्का सौम्य, कागदावर भोक असं पडतं जसं काही पंच मशीननं पाडलंय. वाटसरू, तुम्ही कुठली झाडत होतात?

वाटसरू

ताई, प्लस-पी. आणि हो, करंगळी हवेतच.

अनघड

मला एक कळत नाही, एवढी सगळी कसरत करायचीच कशाला? २०१८ ला सिग साउअरचं पी३६५ आलं, नाइन एमएम, दहा गोळ्यांचं मॅगझिन अधिक एक नळीत, आणि आकारानं या रिव्हॉल्वरच्या आसपास. उलट पातळ, एक इंचाच्या जवळपास जाडी, तुमचा सिलिंडर एकटाच १.३ इंच फुगलेला. ट्रिगर जवळजवळ निम्म्या जोराचा, माशी ठळक, मॅगझिन बदलायला दोन सेकंद. पाच गोळ्या आणि किल्लीनं उचकटायच्या पुंगळ्या हे आजोबांच्या काळात ठीक होतं. कोल्टचं डिटेक्टिव्ह स्पेशल १९२७ चं, तुमच्या रिव्हॉल्वरचं पूर्वज चीफ्स स्पेशल १९५० चं. ७५ वर्षं जुना आराखडा आहे हो हा. (आणि कोल्टच्या त्या १९२७ वाल्यात पण सहा गोळ्या बसायच्या, तुम्ही पुढे जाऊन पाचवर आलात.)

जुनंखोड

अनघड, तुझं बरंचसं बरोबर आहे आणि माझा पुतण्या हल्ली तसलंच पिस्तूल बाळगतो, त्याला मी नावं ठेवत नाही.

पण दोन-तीन ठिकाणी तुझं गणित चुकतंय. एक, झटापट. माणूस अंगावर आला, पिस्तुलाचं तोंड त्याच्या अंगात दाबलं गेलं की स्लाइड (वरचा सरकणारा भाग) किंचित मागे सरकते आणि पिस्तूल झाडतच नाही. रिव्हॉल्वरला सरकायला काही नाही. दोन, मूठ ढिली पडली तर हलकं पिस्तूल पुढची गोळी नीट भरेलच असं नाही, रिव्हॉल्वरला तुमच्या मनगटाशी घेणंदेणं नाही. काडतूस फुसकं निघालं? पुन्हा चाप ओढ, पुढचं काडतूस समोर हजर. तीन, कोटाच्या खिशातून बाहेर न काढताही झाकलेल्या घोड्याचं रिव्हॉल्वर झाडता येतं. पिस्तूल एकदा झाडेल, मग स्लाइड अस्तरात अडकेल.

उलट बाजूही सांगतो म्हणजे पक्षपात नको. समोरच्यानं सिलिंडर मुठीत घट्ट धरला तर तो फिरत नाही, आणि तो फिरला नाही की चापही मागे येत नाही. हे लोकांना माहीत नसतं.

खटपट्या

"रिव्हॉल्वर कधी अडकत नाही" हे वाक्य ज्यानं कोणी पहिल्यांदा म्हटलं त्याला माझ्या टेबलाशी एक दिवस बसवायला पाहिजे. कमी वेळा अडकतं हे खरं. पण पिस्तूल अडकलं तर स्लाइड ओढून दोन सेकंदात मोकळं होतं, रिव्हॉल्वर अडकलं की बहुतेक वेळा स्क्रूड्रायव्हरच लागतो.

वाटसरूभाऊंची पुंगळी का अडकली ते सांगतो. दोन इंची नळीखाली मावायला एजेक्टरचा दांडा आखूड करावा लागतो, त्यामुळे तो पुंगळ्या पूर्ण बाहेर ढकलतच नाही, तीन चतुर्थांश ढकलतो आणि बाकीचं काम वजनावर सोडतो. तुम्ही नळी खाली किंवा आडवी धरून हळूच दाबलं असणार. नळी आकाशाकडे, आणि तळहातानं दांड्यावर एकच ठोसा, तोही शेवटपर्यंत. हळू दाबलं की पुंगळीची कड चांदणीवरून घसरते, चांदणी परत बसते आणि पुंगळी खाली राहते. झालं तुमचं.

दुसरी भानगड हलक्या रिव्हॉल्वरची खास. धक्क्यानं बंदूक मागे झटकली जाते तेव्हा सिलिंडरमधल्या न झाडलेल्या काडतुसातली गोळी जडत्वानं जागेवर राहू बघते आणि पुंगळीतून हळूहळू पुढे सरकते. फार सरकली की सिलिंडरच्या तोंडातून टोक बाहेर येतं, फिरताना चौकटीला अडतं आणि सगळं ठप्प. तपासायची पद्धत सोपी आहे, पाच भरा, चार झाडा, पाचवं काढून कॅलिपरनं लांबी मोजा आणि त्याच डब्यातल्या कोऱ्या काडतुसाशी ताडून बघा. फरक दिसला तर तो डबा या बंदुकीचा नव्हे.

तिसरं, खिसा. खिशातलं रिव्हॉल्वर म्हणजे कापसाच्या बोंडाला बांधलेलं यंत्र समजा. मी एकदा एकाचं उघडलं तर सिलिंडरच्या मागे करड्या रंगाची नमद्यासारखी गादी झालेली, त्यात एक तीळ पण होता, कुठून आला देव जाणे. आठवड्यातून एकदा रिकामं करून टूथब्रश फिरवा, विशेषतः चांदणीच्या खाली. तिथे न जळलेल्या दारूचे दोन कण अडकले तरी सिलिंडर घासायला लागतो.

हो, आणि धरताना अंगठा पुढे नेऊ नका. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात, पिस्तुलाच्या सवयीनं अंगठे पुढे ठेवणाऱ्यांची कातडी जाते.

फुकटसल्ला

माझ्याकडे वडिलांचं जुनं आहे उघड्या घोड्याचं, खिशातून काढताना घोड्याचा काटा अस्तरात अडकतो. कानस मारून काटा उडवला तर चालेल का? आणि ट्रिगरच्या पुढची कडी पण कापतात म्हणे, बोट पटकन जातं.

खटपट्या

कडी कापायचा विचार आत्ताच्या आत्ता सोडा. कोल्टमध्ये फिट्झगेराल्ड नावाचे एक गृहस्थ होते, ते शंभर एक वर्षांपूर्वी अशी पुढची कडी कापलेली रिव्हॉल्वरं करून द्यायचे, ती आजही फिट्झ स्पेशल म्हणून ओळखली जातात. ती आता संग्राहकांच्या कपाटात शोभतात. ट्रिगरची कडी बोटासाठी नसतेच, ट्रिगरला बाकी जगापासून वाचवायला असते. खिशात पेन, किल्ली, शर्टाचं टोक, काहीही त्यात शिरेल आणि नळी कुठे बघतेय? तुमच्याच मांडीकडे.

घोड्याचा काटा जाणकाराकडून उडवून घेता येतो, स्वतः कानस घेऊन बसू नका. त्यापेक्षा झाकलेल्या घोड्याचं घ्या. याच त्रासावर स्मिथ अँड वेसननं १९५२ मध्ये सेंटेनियल काढलं, घोडा पूर्ण आत. मग १९५५ मध्ये बॉडीगार्ड, त्यात घोडा झाकलेला पण डोकं वर काढलेलं, हवा तर अंगठ्यानं ओढता येतो. वडिलांचं आहे ना? मग तसंच ठेवा, कापू नका.

मृण्मयी_

खिशाचा विषय निघालाच आहे तर, खिशात होल्स्टर हवंच. नुसतं टाकायचं नाही. ट्रिगर पूर्ण झाकणारं, बाहेरून खरखरीत असणारं, म्हणजे बंदूक काढताना ते खिशातच राहतं. आणि त्या खिशात दुसरं काही म्हणजे काही नाही, रुमाल नाही, सुटे पैसे नाहीत, कुडी नाही.

पर्समध्ये ठेवणाऱ्या मैत्रिणींना हात जोडून सांगते, पर्स हिसकावली जाते, खुर्चीला लटकते, आणि तिच्यात लहान मुलं चॉकलेट शोधतात.

शांताराम_बिनधास्त

एक सांगू का, राग मानू नका. सगळा धागा वाचला. कॅलिपर, वॉडकटर, होल्स्टर, सगळं झालं, पण एकानंही विचारलं नाही की वाटसरूंना हे लागतं कशाला? धोका नक्की कुठला? मी स्वतः नेमबाजी करतो, बंदुकीचं वावडं नाही मला. पण घरात भरलेली बंदूक असली की ती चोरासाठी असते तशीच घरातल्याच कोणाच्या तरी वाईट रात्रीसाठी पण हाताशी असते. हे बोलायला कोणाला आवडत नाही म्हणून बोलतोय. आणि रस्त्यावर, खिशात ते आहे म्हणून माणूस दोन वाक्यं जास्त बोलतो, जिथे नुसता चालू लागला असता. मी बघितलंय.

जुनंखोड

शांताराम, राग कसला. ज्या दिवसापासून बाळगायला लागलो त्या दिवसापासून मला गाडी चालवताना शिव्या द्यायचा हक्क उरला नाही, असं मी धरून चाललो. कोणी आडवं घातलं, कोणी काही बोललं, मान खाली घालून पुढे. आयुष्यात दोनदा खिशात हात गेला, दोन्ही वेळा हात तिथेच ठेवून मागे मागे सरकत निघून आलो. बायकोला आजतागायत सांगितलेलं नाही, आता इथे लिहिलं खरं.

वाटसरू

शांतारामजी, प्रश्न रास्त आहे. रात्री उशिरा रोकड घेऊन एकटा येतो, दोनदा पाठलाग झालाय, परवाना त्याच कारणासाठी मिळाला. पण घरातलं जे म्हणालात ते डोक्यात राहिलं. आजवर घरी आलो की खिशातून काढून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवायचो. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि आता खुर्ची ओढता येते तिला. काल आकड्यांच्या कुलपाची लहान पेटी आणली.

जुनंखोड काका, सराव सांगा ना काही, घरच्या घरी होईल असा.

जुनंखोड

रिकाम्या बंदुकीचा. पण आधी काडतुसं दुसऱ्या खोलीत, सिलिंडर उघडून पाचही भोकं डोळ्यांनी बघायची आणि बोटानं चाचपायची, दोनदा. सिलिंडरमध्ये डमी काडतुसं, समोर अशी भिंत की खरंच गोळी सुटली तरी पलीकडे कोणी नाही. मध्येच फोन आला किंवा कोणी हाक मारली तर सराव संपला, परत पहिल्यापासून तपासणी.

मग नळीच्या वर, माशीच्या मागे एक नाणं ठेव. चाप सरळ एका दमात मागे, न थांबता, न झटकता, आणि नाणं पडता कामा नये. अर्ध्यावर थांबून नेम साधायचा आणि मग उरलेलं ओढायचं ही चालूगिरी करू नकोस, सगळेच करतात. मागे जसा आणलास तसाच पुढेही सोड, बोट चापावरून न उचलता. रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त नको, बोट थकलं की वाईट सवय लागते. पहिल्या आठवड्यात नाणं सारखं पडेल.

अनघड

आणि कानाला दोन आवरणं, आत बोळे वर कप. आखूड नळीचा आवाज छपराखाली भयंकर असतो, १४० डेसिबलच्या वरचा कोणताही आवाज एका फटक्यात कान कायमचा बिघडवू शकतो, आणि बंदूक त्याच्या वरच असते. आवाजानं दचकणारा माणूस धक्क्यानं दचकतोय असं समजत राहतो. झाल्यावर गार पाण्यानं साबण लावून हात धुवा, तोंडाला लावायच्या आधी, शिसं असतं त्या काळ्यात.

(पिस्तूलवाला असलो तरी एवढं तर सांगू शकतो.)

वाटसरू

तीन आठवड्यांनी परत आलोय.

नाणं पहिले चार दिवस दर वेळी पडलं. पाचव्या दिवशी एकदा राहिलं आणि मी एकटाच खोलीत "अरे!" करून ओरडलो, मुलगी दार वाजवायला लागली, म्हणजे काकांच्या नियमानं सराव संपला. मूठ बदलली, करंगळीला घर मिळालं. काल रेंजवर गेलो, दोन्ही कानांवर दुहेरी, आणि डबा वॉडकटरचा.

पाच मीटरवर सुरू केलं, सातवर नाही. पहिल्या पाच, पाचही कागदात. मग सातवर पाच, पाचही कागदात, चार तर मुठीएवढ्या जागेत आणि एक परत खाली डावीकडे. ती कुठली ते झाडतानाच कळलं होतं, शेवटची, घाई केली. पुंगळ्या नळी वर करून एका ठोशात काढल्या, पाचही सिमेंटवर वाजल्या. शेजारच्या लेनमध्ये तोच माणूस होता हो, या वेळी म्हणाला, "किल्ली आणली नाही वाटतं?"

शेवटी खिशात ठेवायच्या त्या जोरदार काडतुसांच्या फक्त पाच झाडल्या, सवय राहावी म्हणून. कागदावर चार. खटपट्याभाऊंनी सांगितल्याप्रमाणे पुढच्या वेळी चार झाडून पाचवं मोजणार आहे, कॅलिपर शेजाऱ्याचा आणलाय.

खटपट्या

मोजून आकडा इथे टाका. आणि खिसा उलटा करून बघितलात का?

वाटसरू

बघितला. अर्धं तिकीट, शर्टाचं एक बटण, आणि तुमची ती करडी गादी. तीळ नव्हता.